फाईलवर लिही

प्रिय मुली,

रविवारी तू आलीस, चहा थंड होऊ दिलास आणि मोबाईलमधली ती सगळी छायाचित्रे मला एकेक करून दाखवलीस. मेजरमेंट बुकात, म्हणजे झालेल्या कामाची मापे नोंदवायच्या वहीत, तुझ्या रस्त्याच्या डांबराचा थर 50 मिलिमीटर, जागेवर खणून पाहिला तर जेमतेम 30. आणि वरून साहेबांचे तोंडी फर्मान की चवथीच्या आधी बिल गेले पाहिजे, सही कर. उठताना तू विचारलेस, "काका, पेपरात देऊ का?" तेव्हा मी गप्प राहिलो, कारण बोललो असतो तर आवाज चढला असता आणि आत तुझी काकी नुकतीच झोपली होती. म्हणून हे पत्र. आपण बोलतो कोंकणीत, टिपणी लिहितो इंग्रजीत. पण सावकाश काही सांगायचे झाले की माझा हात मराठीकडेच वळतो.

खोट्या मापावर सही करायची नाही, यावर मी एक ओळही खर्च करणार नाही. ते तुला ठाऊक आहे, म्हणूनच तू आलीस. मला सांगायचे आहे ते एवढेच की फाईलवर लिही. पेपरात देण्याआधी, दक्षता खात्याची पायरी चढण्याआधी, मैत्रिणीजवळ मन मोकळे करण्याआधी फाईलवर लिही. कोणत्या दिवशी, कोणत्या चेनेजला, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून किती अंतरावर, कोणासमक्ष खणले आणि किती भरले, हे तुझ्या हाताने, तुझ्या सहीने आणि त्याच दिवसाच्या तारखेने लिही. "मी मोजले" असे लिही. "असे कळते" असे लिहू नकोस. कंत्राटदार कोणाचा भाचा लागतो हे सगळ्या तालुक्याला माहीत असेल, पण तू ते मोजलेले नाहीस.

साहेब म्हणतील, एवढ्या तेवढ्याला लिहायचे कशाला. त्यांना नियम दाखवायची वेळ येऊ नये, पण तुझ्याजवळ तो असू दे. 1964 चे केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम आपल्या गोव्याच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत, आणि त्यांतला तिसराच नियम सांगतो की वरिष्ठाचा आदेश सामान्यतः लेखी असावा, तोंडी द्यावाच लागला तर वरिष्ठाने लगेच लेखी दुजोरा द्यावा, आणि कनिष्ठाने तो मागून घ्यावा. मागणे हा उद्धटपणा नव्हे, ते तुझे कर्तव्य म्हणून तिथे छापलेले आहे. 31 ऑक्टोबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माजी मंत्रिमंडळ सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यन यांच्या याचिकेवर निकाल देताना सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशांवर काम करू नये असे बजावले, आणि तोंडी कारभाराने माहितीचा अधिकारच निष्फळ होतो हेही सांगितले. यातली मेख लक्षात घे. तू फाईलवर लिहिलेस की तुझे मत सरकारी दप्तराचा भाग झाले, आणि उद्या कोणीही नागरिक दहा रुपये भरून, कारण न सांगता, ते मागू शकतो. तुला काहीही फोडावे लागत नाही.

आता माझे सांगतो. 1998 साली मी एका उपविभागात हिशेबाच्या टेबलावर होतो. एका संरक्षक भिंतीचे बिल दुसऱ्यांदा आले, भिंत तीच, वळण तेच, फक्त कामाचे नाव बदललेले. मी साहेबांना तोंडी सांगितले. ते "बघतो" म्हणाले. मी बिल पुढे सरकवले, आणि मग मनाची टोचणी घालवायला म्हापशाच्या एका टायपिंग क्लासात बसून निनावी पत्र टाईप केले आणि वर पाठवले. ते पत्र फिरत फिरत, "अभिप्रायासाठी" असा शेरा घेऊन, आमच्याच कार्यालयात परत आले. संशय गेला एका ड्राफ्ट्समनवर, कारण तो तोंडाने फटकळ होता आणि त्याचा भाऊ त्याच क्लासात शिकवत असे. पेडण्याच्या त्या माणसाची बदली काणकोणला झाली. राज्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला, पहाटे साडेचारला घर सोडायचे, तीन बस बदलायच्या, अशी त्याने चार वर्षे काढली. मी एक शब्द बोललो नाही. घरी दोन लहान मुले होती, घरावर कर्ज होते, आणि पत्र माझे म्हणून सांगितले असते तरी त्याची बदली रद्द झाली नसती, असे मी स्वतःला समजावले. अजूनही कधीकधी समजावतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तो भेटतो, हसतो, मानकुराद आंबे कितीला मिळाले ते विचारतो.

म्हणून निनावी काही नको. केंद्रीय दक्षता आयोगाने तर 1999 मध्येच निनावी तक्रारींवर कारवाई करू नये असे ठरवून टाकले. पण माझा मुद्दा कारवाईचा नाही. सही नसलेल्या कागदाला कार्यालय स्वतःच सही शोधून देते, आणि ती बहुधा भलत्याची असते.

तू म्हणालीस की जागल्यांसाठी, म्हणजे आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यांसाठी, कायदा आहे. संसदेने तो 2014 मध्ये केला खरा, पण अमलात आणण्याची अधिसूचना निघालीच नाही. त्याआधीचा 2004 चा केंद्राचा ठराव आहे, त्यात आयोग तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवतो. पण तो केंद्राच्या कर्मचाऱ्यांविषयीच्या तक्रारींसाठी, राज्याच्या खात्यांसाठी नव्हे. तो ठराव निघाला तोही सत्येंद्र दुबे गेल्यावर. तुझ्यासारखाच अभियंता, रस्त्याच्याच कामातला. त्याने पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहून नाव गुप्त ठेवायची विनंती केली होती, आणि पत्र नावासकट टेबलोटेबली फिरले. 27 नोव्हेंबर 2003 ला गयेत त्याचा खून झाला. न्यायालयाने 2010 मध्ये तिघांना शिक्षा केली ती लुटीच्या वेळी झालेला खून म्हणून. पण नाव फुटले कसे, हा प्रश्न त्याने मिटत नाही. आपल्याकडे 2011 चा लोकायुक्त कायदा आहे, जरूर जा. मात्र 2020 मध्ये निवृत्त झालेले लोकायुक्त आपल्या अहवालांवर सरकारने काहीच केले नाही असे सांगून गेले, हे ध्यानात ठेवून जा.

आणि पेपर? माझा त्याला तत्त्वतः विरोध नाही. गुप्ततेची बांधिलकी कार्यालयाशी असते, कार्यालयातल्या चोरीशी नसते. पण त्याच वर्तणूक नियमांतला अकरावा नियम अनधिकृतपणे माहिती देण्याला मनाई करतो, आणि सरकारी गुपिते कायदा 1923 चा असला तरी जिवंत आहे, पाचव्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रस्त्याच्या मापाला तो लागू होणार नाही असे मला वाटते. धमकी द्यायला मात्र पुरतो. 2019 च्या एप्रिलमध्ये राफेल विमानांच्या खरेदी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फुटलेले कागद पाहायला नकार दिला नाही. ते वाचून तुझ्या पिढीला हुरूप येतो. कागद स्वीकारला गेला, पण कागद देणाऱ्याची नोकरी वाचेल असे त्या निकालात कुठेही नाही. सगळी दारे बंद झाली आणि पुलासारख्या कामात माणसे मरतील अशी स्थिती आली, तर पेपराकडे जा; तेव्हाही तुझ्यामागे फाईलवरची टिपणी हवी. ती असेल तर तू जागल्या, नसेल तर नाराज कर्मचारी.

त्रास होईल. पुढची तेरा वर्षे मी हट्टाने टिपण्या लिहिल्या, सहा बदल्या घेतल्या, बढती उशिरा मिळाली. तीन बिले अडली. बाकीच्या टिपण्यांखाली वरिष्ठांनी "पाहिले" एवढाच शब्द लिहिला आणि पैसे दिले. तुझी काकी विचारते की मग काय मिळवलेस. मी सांगतो की त्या "पाहिले"खाली त्यांची सही आहे. तिला हे उत्तर पटत नाही, तुलाही कदाचित पटणार नाही. पण त्या तेरा वर्षांत माझ्यामुळे दुसऱ्या कोणाला काणकोणला जावे लागले नाही.

निलंबनाची भीती वाटत असेल तर हिशेब मांडून ठेव. पहिले तीन महिने साधारण अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो, आणि 90 दिवसांच्या आत आढावा घेऊन मुदत वाढवली नाही तर निलंबन टिकत नाही. तेवढे महिने घर कसे चालेल हे आईशी आताच बोल, नंतर नको.

येत्या रविवारी ये. मेजरमेंट बुकाची पाने आणू नकोस, मोबाईलही दाखवू नकोस. टिपणीचा मसुदा तेवढा आण, ओळी सोडून लिहिलेला, म्हणजे मला खाडाखोड करता येईल. आणि बुधवारी साहेबांनी पुन्हा सही मागितली, तर माझी वाट न पाहता लिही.

तुझा,
काका