सूज आली की इम्यून पेशी कोणते जीन चालू करायचे हे कसं ठरवतात? आणि नंतर ते बंद कसे होतात?

मी काही वर्षं लॅबमध्ये उंदरांच्या मॅक्रोफेजवर (जंतू गिळणाऱ्या इम्यून पेशींवर) काम केलंय, त्यामुळे तेवढ्यापुरतंच सांगते.

ठरवत बसायला वेळच नसतो हो, तयारी आधीच झालेली असते. एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रोटीन (१९८६ ला रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी बी पेशींत शोधलं) पेशीत कायम पडून असतं, पण न्यूक्लियसच्या बाहेर, कारण आय-कप्पा-बी नावाच्या दुसऱ्या प्रोटीनने त्याला अडकवून ठेवलेलं असतं. बॅक्टेरियाच्या आवरणातलं एलपीएस आलं की टीएलआर-४ हा रिसेप्टर ते ओळखतो, मग आत एकाने दुसऱ्याला निरोप देत देत आय-कप्पा-बीवर फॉस्फेट लागतो, त्याचे तुकडे होतात आणि मोकळं झालेलं एनएफ-कप्पा-बी सरळ न्यूक्लियसमध्ये जाऊन टीएनएफसारखे (सूज वाढवणारं निरोप्या प्रोटीन बनवणारे) जीन चालू करतं, तासाभरात टीएनएफचा आरएनए (प्रोटीन बनवण्यासाठी जीनवरून काढलेली नक्कल) भरपूर वाढलेला दिसतो. आयएल-६ हे तसंच दुसरं निरोप्या प्रोटीन मागाहून येतं, कारण तिथला डीएनए घट्ट गुंडाळलेला असतो, तो आधी सैल करावा लागतो.

पण खरी गंमत बंद करण्यात आहे, आणि लोक नेमकं तेच विचारत नाहीत, तुम्ही विचारलंत म्हणून बरं वाटलं. एनएफ-कप्पा-बी जे जीन चालू करतं त्यातच आय-कप्पा-बीचाही जीन असतो, म्हणजे स्वतःला परत बांधायची दोरी स्वतःच वळतं. शिवाय टीएनएफच्या आरएनएच्या शेपटीत ए आणि यू अक्षरांची रांग असते, तिला ट्रिस्टेट्राप्रोलिन नावाचं प्रोटीन चिकटतं आणि तो आरएनए लवकर संपवला जातो. ज्या उंदरांत हे प्रोटीनच नाही त्यांचे सांधे सुजतात आणि ते खंगत जातात.

माझा एक घोळ सांगते. एकदा शून्य तासाच्या वेलमध्येच (पेशींच्या प्लेटमधल्या खळग्यात), म्हणजे काहीही न घालता, टीएनएफ वर गेलेलं. दोन आठवडे डोकं खाजवलं, शेवटी कारण निघालं ते बफरचं, म्हणजे पेशींसाठीच्या द्रावणाचं, पाणी. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या गरम वाफेने निर्जंतुक) केलंय ना मग झालं, असं मी धरून चाललेले, पण त्याने बॅक्टेरिया मरतात, एलपीएस तसंच राहतं.

अजून एक, त्याच पेशींना दुसऱ्या दिवशी परत एलपीएस दिलं तर टीएनएफ फारसं वाढत नाही, पण बॅक्टेरिया मारणारे काही जीन मात्र तितक्याच जोरात चालू होतात. रिसेप्टर तोच आणि पेशीही त्याच, फरक असतो तो त्या त्या जीनच्या जागी हिस्टोनवर (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रोटीनवर) राहिलेल्या खुणांचा.