भंडारदऱ्याला गाडी घेऊन निघण्याआधी

प्रिय पोरी,

तू रस्त्याचं विचारलंस. ठाण्यातून कधी निघायचं, कसारा घाट जमेल का, समृद्धी महामार्गाने जायचं की जुन्या रस्त्याने. सगळं सांगतो. पण ऐन मे महिन्यात तुम्ही पाच जण मैत्रिणीच्या घरी राहायला चालला आहात, घर धरणाच्या काठावर आहे, आणि तुझ्या एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये पाण्याबद्दल एक ओळ नाही. पाटबंधारे खात्यात नोकरी काढलेल्या माणसाला हे खटकणारच.

रस्ता आधी उरकून टाकू. पहाटे पाचच्या आत माजिवडा सोड. साकेत, खारेगाव, माणकोली या पट्ट्यात अडकलीस की पहिला तास ठाण्याच्या वेशीवरच जातो. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. त्यामुळे भिवंडीजवळच्या आमण्याला वर चढलं की कसारा घाट टाळून थेट इगतपुरी गाठता येते. तिथे सपाट भागात ताशी १२० ची मुभा आहे, पण तुझं लायसन्स नवं आहे. मुभा आहे म्हणून तेवढं पळवलंच पाहिजे असं नाही. आणि तुमच्यातला एक जण बाइकवर येतो म्हणतोय ना, त्याला सांग, दुचाकी समृद्धीवर सोडत नाहीत.

मी म्हणेन, जाताना जुन्या रस्त्यानेच जा. घाटात डाव्या लेनमध्ये मालाने भरलेले ट्रक इंजिन तापून उभे असतात, तेव्हा वळणावर पुढच्या गाडीच्या बुडाला चिकटू नकोस. चढताना तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद कर, तरी उतरला नाही तर हीटर चालू कर. घाम फुटेल, पण इंजिनाची उष्णता बाहेर निघेल. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. मागे बसलेला कोणी कितीही हुशार असला तरी नाही. परतीला उतरताना ज्या गिअरमध्ये घाट चढतात त्याच गिअरमध्ये उतरायचं. न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवायची अक्कल जो शिकवेल त्याला पुढच्या सीटवरून उठव. घोटीला टाकी भरून घे, थोडी रोकड जवळ ठेव आणि तिथून बारीच्या रस्त्याला लागण्याआधी नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घे. पुढे रेंजचा भरवसा नाही.

जुन्या रस्त्याचा हट्ट कशासाठी, तर शहापूर. भातसा, तानसा, वैतरणा ही सगळी नावं त्याच अंगाची. मुंबईचं बहुतेक पाणी तिकडून येतं आणि आपल्या ठाण्याच्या नळाला येतं त्यातही भातसाचा वाटा आहे. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. रस्त्याकडेला रांगेत मांडलेले हंडे आणि निळे पिंप दिसले तर चौघांना दाखव. धरण उशाला, कोरड घशाला.

तुम्ही जिथे जाताय तिथेही वेगळं काही नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली बांधून पूर्ण झालं. प्रवरा नदीचं साधारण ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट पाणी त्यात मावतं आणि ते खाली अकोले, संगमनेर, श्रीरामपूरकडच्या शेतीला जातं. खालच्या रानात ऊस उभा असतो आणि वरच्या डोंगरातल्या वाड्यांवर मे महिन्यात बायका हंडा घेऊन विहिरीचा तळ खरवडत असतात. म्हणून मैत्रिणीच्या घरी आंघोळ एका बादलीत उरकायची, तीही तिची आई म्हणेल तेव्हा. ती बिचारी म्हणेलच, ‘घ्या की अजून.’ पाहुण्याला पाणी कमी द्यायचं तिच्या जिवावर येतं. तू समजून घ्यायचं. धुळीने माखलेली गाडी मात्र तशीच राहू दे, काठावर नेऊन धुवायची नाही.

पाच जण जाणार असाल तर पाचच जा. आयत्या वेळी सहावा उगवला की भाकऱ्या थापणाऱ्या हातावर ते येतं. जाताना तेल, साखर, चहापत्ती आणि चांगले हापूस असा शिधा ने, पण ‘तुमच्यासाठी आणलंय’ असं म्हणून ओट्यावर मांडू नकोस. ‘आईने दिलंय’ म्हणून मैत्रिणीच्या आईच्या हातात पिशवी दे. निघताना पैसे पुढे केलेस तर त्या माणसांचा अपमान होईल. घरात लहान मूल असेल तर त्याच्या हातात खाऊला म्हणून काही ठेवता येतं, ही आपली जुनी सोय आहे. आणि तुमच्यातल्या मुलांना बाटल्या आणायच्या असतील तर त्या घरी चालतं का, हे मैत्रिणीला आधी विचार. तिला तिथेच पुढेही राहायचंय.

आता तलाव. तू तलावपाळीच्या शहरातली मुलगी. तिथल्या मासुंदा तलावाला कठडा आहे, चारी बाजूंनी दिवे आहेत, भेळवाला आहे. धरणाच्या जलाशयाला यातलं काही नाही. मे महिन्यात आवर्तनं, म्हणजे शेतीच्या पाण्याच्या पाळ्या, सोडून सोडून पाणी खूप खाली गेलेलं असतं आणि काठाला मातीचे उघडे पट्टे पडलेले असतात. वरून ती माती वाळलेली, भेगाळलेली, अगदी अंगणासारखी दिसते. पाण्याच्या जवळ गेलीस की त्याच पापुद्र्याखाली लोण्यासारखा गाळ असतो. एक पाय घोट्यापर्यंत रुततो, तो काढायला दुसऱ्यावर जोर दिला की दुसरा गुडघ्यापर्यंत जातो. असं झालं तर उभ्याने ओढाताण करू नकोस. मागे रेलून बस, अंगाचा भार पसर आणि एकेक पाय हळूहळू हलवत सोडव.

पाण्यात शिरल्यावर तळ एकसारखा उतरत नाही. धरणाआधी तिथे शेतं होती, त्यांचे बांध होते, ओढे होते, नदीचं मूळ पात्र होतं. ते सगळं खाली तसंच आहे. कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला माणूस एक पाऊल पुढे टाकतो आणि पायाखाली काहीच नसतं. वरचा थर उन्हाने कोमट असतो, खालचं पाणी गार. पोटऱ्यांत गोळा आला की पोहता येणाऱ्यालाही पोहता येत नाही. सोसायटीच्या स्विमिंग टँकमध्ये दहा फेऱ्या मारणारा तुमचा मित्र इथे उपयोगाचा नाही, कारण टँकमध्ये दमलं की धरायला कड असते.

बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा हात हलवून ओरडतही नाही. डोकं मागे, तोंड पाण्याच्या रेषेवर, हात बाजूला पाणी दाबताहेत आणि आवाज काही नाही. बघणाऱ्याला वाटतं, मस्ती चाललीय. मग एक जण धावतो, त्याच्यामागे दुसरा, आणि पेपरात बातमी तिघांची येते. म्हणून मागे कोणी उडी टाकायची नाही. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन आणि एक लांब दोरी काठावर नेत जा. कॅनला दोरी बांधून फेक, काठावर आडवी पड आणि ओढ. दोरी नसेल तर ओढण्या एकमेकींना बांध. बोटीत बसायचंच असेल तर लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून बस, आणि दुपारनंतर आभाळ भरून आलं तर बसूच नकोस. वळिवाचा वारा सांगून येत नाही.

धरणाच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या पात्रातल्या खडकांवर जेवणाचे डबे उघडून बसायचं नाही. पाणी कधी सोडायचं हे तुमच्या सहलीकडे बघून ठरत नाही. तो प्रसिद्ध अंब्रेला फॉलसुद्धा धरणातून सोडलेल्या पाण्याचाच. बाकीच्या धबधब्यांचे जे फोटो तू मला पाठवलेस ते सगळे पावसाळ्यातले आहेत. आत्ता तिथे काळा कातळ दिसेल.

काजवे मात्र दिसतील, महिनाअखेरीला गेलात तर. पावसाच्या तोंडावरच त्यांचा हंगाम असतो. सादडा, हिरडा, बेहडा अशी झाडंच्या झाडं एकदम उजळतात आणि एकदम विझतात. नर मादीला खुणावत असतो, तो उजेड त्यांचं बोलणं आहे. गाडी झाडाखाली नेऊन हेडलाइट मारलास की ते बोलणं बंद पडतं, म्हणून गाडी अलीकडेच उभी कर, दिवे घालव आणि चालत जा. फ्लॅश मारून फोटो काढलास तर काळ्या पडद्यावर चार ठिपके येतील, आणि शेजारी उभी असलेली माणसं शिव्या देतील ते वेगळंच.

परतताना रविवारी दुपारचं जेवण झालं की लगेच ऊठ. ‘सूर्यास्त बघून निघू’ म्हणणारा एक जण असतोच. त्याला सांग, सूर्यास्त बघून निघालेली सगळी मुंबई रात्री पडघ्यापासून माणकोलीपर्यंत उभी असते. डुलकी आली तर शहापूरला थांबून चहा घे, मागच्या सीटवर वीस मिनिटं झोप, आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याला चावी दे.

पोचलीस की मला नाही, आधी आईला फोन कर.

तुझा,
तिसऱ्या मजल्यावरचा काका