सेक्स पिस्टल्सचा ‘फिल्दी लुकर लाइव्ह’ ऐकावा का?

सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक (कच्च्या, आक्रमक रॉकच्या) बँडचा १९७७ चा स्टुडिओ अल्बम ‘नेव्हर माइंड द बोलॉक्स’ असताना १९९६ चा हा लाइव्ह अल्बम कशाला घ्यायचा, असा प्रश्न आहे. सुरुवात १९७७ च्याच अल्बमने करा, वाद नाही. पण बेससाठी (खालचे सूर वाजवणाऱ्या गिटारसाठी) हाही घ्या.

यातली बहुतेक गाणी रचण्यात बँडचा मूळ बेसवादक ग्लेन मॅटलॉकचा हात होता, आणि १९७७ च्या सुरुवातीलाच तो बाहेर पडला. त्याच्या जागी आलेल्या सिड व्हिशसला बेस धड वाजवता येईना. मग स्टुडिओत गिटारवाल्या स्टीव्ह जोन्सनेच बहुतेक बेस वाजवला: सरळसोट, गिटारच्या पावलावर पाऊल टाकत. वर गिटारचे थरावर थर चढवले. तो भिंतीसारखा आवाज असा तयार झाला. २३ जून १९९६ ला लंडनच्या फिन्सबरी पार्कात मात्र गिटार एकच आणि बेसवर मॅटलॉक. ‘बॉडीज’ आणि ‘हॉलिडेज इन द सन’ ही दोन गाणी तर तो गेल्यावर झालेली. ती त्याच्या हातून कशी वाजतात ते इथे कळते.

निर्माता दोन्हीकडे ख्रिस थॉमस, त्यामुळे तुलना सोपी जाते. एकच गाणे लागोपाठ दोन्हीकडे लावा, ‘प्रिटी व्हेकंट’ चालेल. त्याआधी दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल इतका कमीजास्त करून घ्या. नाहीतर जे मोठ्याने वाजते तेच चांगले वाटते आणि निकाल तिथेच चुकतो. पहिल्यांदा ऐकताना लाइव्ह गाणे ‘पातळ’ वाटेल. थर नाहीत, म्हणून. गायकाकडे दुर्लक्ष करून फक्त खालचे सूर ऐका, शक्यतो हेडफोनवर. मोबाइलच्या स्पीकरवर बेस येतच नाही.

गायक जॉनी रॉटनचा आवाज? चाळिशीतला. १९७७ ची ती खुनशी धार शोधाल तर निराशा ठरलेली.

गाणी १५: जुन्या अल्बममधली १२ च्या १२, क्रम बदलून, आणि वर ‘डिड यू नो राँग’, ‘सॅटेलाइट’, ‘स्टेपिंग स्टोन’.

प्रभावाचे म्हणाल, तर या अल्बममुळे पंक वाजवायची पद्धत बदलली असे मला वाटत नाही. बदलली ती लाज. पैशासाठी एकत्र येतोय हे त्यांनी मार्च १९९६ च्या पत्रकार परिषदेतच उघड सांगितले आणि अल्बमच्या नावातही तेच, म्हणजे ‘गलिच्छ पैसा’, घातले. ‘विकले गेले’ हा आरोप करायला टीकाकारांना जागाच ठेवली नाही. पुढे २००२, २००७ असे ते येत राहिले. २०२४ पासून तर रॉटनशिवाय, गायक म्हणून फ्रँक कार्टरला घेऊन.

मॅटलॉकसह हेच चौघे तरुणपणी ऐकायचे असतील तर १९७६ ची लाइव्ह रेकॉर्डिंग शोधा. आवाज फाटका असतो, पण बेस तोच.