बायपासमध्ये पायाची शीर जोडली आहे. छातीतली धमनी तिच्यापेक्षा जास्त वर्षं टिकते, हे खरं का?

हो, खरं आहे: छातीच्या आतली डावी धमनी हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला जोडली, तर १० वर्षांनंतरही साधारण दहापैकी नऊ जणांत ती सुरू असते, पायाच्या शिरेचे निम्म्याच्या आसपास जोड तोवर बंद किंवा अरुंद झालेले असतात. शीर मुळात कमी दाबाचं रक्त नेण्यासाठी बनलेली. धमनीच्या जागी बसवली की तिच्यावर एकदम कितीतरी पट दाब येतो. पहिल्या महिन्यात ती बंद पडली तर बहुधा गुठळीमुळे, वर्षभरात पडली तर आतलं अस्तर जाड झाल्यामुळे, आणि पुढे हृदयाच्या धमनीत साचला होता तोच चरबीचा थर पुन्हा साचल्यामुळे. म्हणूनच ऑपरेशन चांगलं झालं तरी ॲस्पिरिन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) चालूच ठेवायचं, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल निदान ७० मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली आणायचं, तंबाखू पूर्ण बंद. बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या सोडणं फार महागात पडतं, कृपया तसं करू नका. मात्र धमनी प्रत्येक जागी सरस ठरते असं नाही. मनगटाकडची रेडियल धमनी थोडाच अडथळा असलेल्या ठिकाणी जोडली, तर मूळ वाहिनीतून रक्त जोरात येत राहतं, नव्या जोडातून फारसं वाहत नाही आणि ती आकसते. अशा जागी सर्जन मुद्दाम पायाची शीर निवडतात.