ढगातले सगळ्यात छोटे तारे ओळखायचे कसे?

तुम्ही विचारलंय, ज्येष्ठा ताऱ्याजवळच्या धुळीच्या ढगात जन्मणारे सगळ्यात छोटे तारे, म्हणजे तपकिरी बटू, इन्फ्रारेडमध्येच का शोधतात, आणि सापडलेला ठिपका खरंच तसा आहे हे कसं ठरवतात.

मी गुहागरचा. एमएस्सीच्या प्रकल्पात याच ढगातल्या ठिपक्यांची यादी तपासली होती, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर जास्त लिहितो. खरी मेख तिथेच आहे.

पहिल्याचं उत्तर आमच्या शिमग्यात आहे. होम लागला की दुसऱ्या सकाळी तिथे नुसती राख दिसते, पण जवळ गेलं की तोंडाला धग लागते. ती धग म्हणजेच इन्फ्रारेड. सूर्याच्या साधारण साडेसात टक्क्यांहून कमी वस्तुमान असेल तर हायड्रोजनचं ज्वलन (अणुसंमीलन) टिकत नाही. आकुंचन पावताना मिळालेली ऊब तेवढी उरते आणि तीही निवत जाते. म्हणून हे तपकिरी बटू दहा-वीस लाख वर्षांचे असतानाच गाठायचे. त्यातून २.२ मायक्रॉन तरंगलांबीच्या इन्फ्रारेडला धूळही खूप कमी आड येते.

आता ओळख. ढगाच्या पार मागे असलेला राक्षसी तारा धुळीतून येताना लाल होतो आणि नुसत्या रंगावरून बटूच वाटतो. आम्ही त्यात कितीदा फसलो! निकाल लागतो वर्णपटात, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार उलगडून काढलेल्या आलेखात. बटूचं वातावरण इतकं थंड असतं की त्यात पाण्याची वाफ असते, आणि ती १.४ व १.९ मायक्रॉनजवळचा प्रकाश गिळते. दोन खड्ड्यांमध्ये उंचवटा उरतो. म्हाताऱ्या बटूत तो माथ्याला सपाट, पण कोवळ्यात गुरुत्व कमी असल्याने टोकदार, अगदी त्रिकोणी. पहिल्यांदा तो त्रिकोण पडद्यावर उमटला तेव्हा मी खुर्चीतून उठलोच.

अडचण अशी की आपल्या हवेतली वाफही तेच पट्टे गिळते. आमच्या दमट किनाऱ्यावरून हे काम होणं नाही. त्यासाठी लडाखमधल्या हानलेसारखी ४५०० मीटरवरची कोरडी जागा हवी, नाहीतर अवकाश. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने २०२३ मध्ये ययाति तारकासमूहातल्या आयसी ३४८ या तारकागुच्छात गुरूच्या अवघ्या ३-४ पट वस्तुमानाचा बटू दाखवला.

मेअखेरीस मध्यरात्री दक्षिणेला तोंड करून उभे राहा. ज्येष्ठेच्या दोन बोटं वर, किंचित उजवीकडे, सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षांवर तो ढग आहे.