प्लॅन वाढवू नका, आधी खोलीपर्यंत वायर न्या

तुम्ही विचारले आहे की मुंबईत घरी १०० एमबीपीएसचे फायबर आहे, स्पीड टेस्टमध्ये आकडा पूर्ण दिसतो, तरीही क्लाउड गेमिंगच्या (गेम दूरच्या सर्व्हरवर चालतो, आपल्याकडे इंटरनेटवरून फक्त चित्र येते) पहिल्याच महिन्यात रात्री गेम अडखळतो; तर ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्यावा का आणि कोणती सेवा निवडावी. प्लॅनबद्दल माझे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. त्यामागचे कारण थोडे विस्ताराने लिहिते, कारण नेमक्या याच मुद्द्यावर आमच्या घरात बराच काळ वाद चालू आहे, आणि कार्यालयांमध्ये नेटवर्क उभारणे हाच माझा व्यवसाय आहे.

किती वेग लागतो हे सेवा पुरवणारे स्वतःच सांगतात. एनव्हीडियाच्या जीफोर्स नाऊ या क्लाउड गेमिंग सेवेवर १०८०पी चित्र सेकंदाला ६० फ्रेमने (फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र) हवे असेल तर २५ एमबीपीएस पुरतात आणि ७२०पीसाठी १५. म्हणजे तुमच्या १०० पैकी तीन चतुर्थांश वेग आजही वापराविना राहतो. तो ३०० केल्याने न वापरलेला भाग तेवढा वाढेल. गेमला वेगापेक्षा नियमितपणा लागतो. चित्रपट पाहताना ॲप पुढची काही सेकंदे आधीच उतरवून ठेवते, त्यामुळे मध्ये जोडणी क्षणभर डगमगली तरी आपल्याला कळत नाही. गेममध्ये पुढची फ्रेम तुम्ही आत्ता कोणते बटण दाबता यावर ठरते, म्हणून आधी उतरवून ठेवण्यासारखे तिथे काही नसतेच. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. एखादे पॅकेट (इंटरनेटवरून जाणारा माहितीचा छोटा तुकडा) ८० मिलिसेकंद उशिरा पोहोचले की चार-पाच फ्रेम हातच्या गेल्या. स्पीड टेस्ट सरासरी दाखवते आणि अशी चुकार पॅकेटे त्या सरासरीत दिसत नाहीत.

माझ्या दादाचा मुलुंडला टू बीएचके आहे. काही वर्षांपूर्वी त्याने संपूर्ण घराचे इंटिरियर करून घेतले, भिंती फोडून विजेचे वायरिंग नव्याने कन्सिल्ड केले आणि वर पीओपीचे सीलिंग टाकले. भिंती उघड्या असतानाच मी त्याला म्हटले होते की दाराजवळच्या जागेपासून दोन्ही बेडरूमपर्यंत एकेक रिकामा पाइप टाकून घे, उद्या लॅनची, म्हणजे घरातल्या नेटवर्कची, केबल त्यातून ओढता येईल. त्याचा इंटिरियरवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, आजकाल वायर कोण टाकतं? सगळं वायफायवर चालतं." दादाने त्याचीच बाजू घेतली. ज्या कामावर माझे घर चालते त्या कामाबद्दलचे माझे मत एका सुताराच्या शब्दापुढे फिके ठरावे, याचे मला तेव्हा वाईट वाटले आणि आजही वाटते. पाइप टाकण्याचा खर्च एकूण खर्चाच्या मानाने नगण्य होता. त्याऐवजी फायबरचा डबा आणि राउटर दाराजवळच्या शू-रॅकच्या वरच्या कप्प्यात, सनमायका लावलेल्या दाराआड बंद करण्यात आले, कारण उघड्यावर ते 'बरे दिसत नव्हते'.

भाचा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला गेला तेव्हा त्याला गेमिंग पीसी हवा होता. दादाने लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून दर काढून आणला. चांगले ग्राफिक्स कार्ड धरून तो लाखाच्या पुढे गेला आणि विषय तिथेच थांबला. वहिनीचा जुना लॅपटॉप घरात होताच, म्हणून मी सुचवले की महिनाभर क्लाउड सेवा घेऊन पाहा, गेम दूरच्या सर्व्हरवर चालेल आणि लॅपटॉपला फक्त चित्र उलगडायचे काम राहील. दुपारी सगळे ठीक चालायचे. रात्री जेवणानंतर, म्हणजे भाच्याला खरोखर खेळायचे असे तेव्हा, गेममधली गाडी वळणावर असताना चित्र गोठायचे आणि सुटायचे ते थेट कठड्यावर आदळल्यावरच. दादाने पुरवठादाराला दोष दिला आणि तुम्ही विचारता आहात तेच केले: १०० चे ३०० केले. काहीही फरक पडला नाही. मग त्याने पॅसेजमध्ये लावायला एक वायफाय रिपीटर आणला, आणि गेम आणखी बिघडला. साधा रिपीटर ज्या रेडिओवर ऐकतो त्याच रेडिओवर पुढे पाठवतो, म्हणजे प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जाते. वेग साधारण निम्मा होतो आणि उशीर वाढतो.

शेवटी भाच्याने मला बोलावले. मी गेम सुरूदेखील केला नाही. लॅपटॉप त्याच्या खोलीत ठेवून फक्त राउटरच्या स्वतःच्या पत्त्याला (तो राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतो) सतत पिंग लावले, म्हणजे छोटे पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजत राहिले. आकडे बहुतेक वेळा तीन-चार मिलिसेकंद येत होते, पण दर थोड्या वेळाने ९०, १४० आणि मधूनच उत्तरच नाही. हे पॅकेट घराबाहेर गेलेलेच नव्हते. त्याचा प्लॅनशी, पुरवठादाराशी, समुद्राखालच्या केबलशी कशाशीही संबंध नव्हता. ते शू-रॅकचे बंद दार, स्वयंपाकघराची भिंत आणि टाइल लावलेली बाथरूमची भिंत ओलांडताना अडकत होते. मुंबईच्या इमारतीत वर, खाली आणि शेजारी प्रत्येक घरात एक राउटर असतो, वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. रात्री नऊनंतर सगळ्यांच्या घरी सगळेच बोलत असतात. वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी कमी असते, पण सळया असलेल्या आरसीसीच्या भिंती त्याला जास्त अडवतात, आणि वहिनीच्या लॅपटॉपला तर तो पट्टा पकडताच येत नव्हता.

पुढच्या रविवारी मी कॅट-६ (लॅन केबलचा एक प्रकार) केबल घेऊन गेले, ती स्कर्टिंगच्या कडेने आणि दोन चौकटींवरून पांढऱ्या क्लिपांनी बसवली, टोकांना आरजे-४५ (लॅन केबलचे प्लग) दाबून बसवले. पडद्यामागून नेली तर चालेल एवढीच वहिनीची अट होती. पिंग एक मिलिसेकंदाच्या आत आले आणि तिथेच स्थिर राहिले. त्या रात्रीपासून गाडी कठड्यावर आदळली तर भाच्याच्या हातून, केबलच्या दोषाने नाही.

दादाचे आजही म्हणणे आहे की "कंपनीनेच लाइन सुधारली असेल". त्याला मी घरी सांगितले तेच इथे लिहिते: खोली ते राउटर हे अंतर कोणत्याही कंपनीचे नाही, ते आपल्या घराचे आहे, आणि बिघाड तिथेच मोजला गेला होता. शेअर दलालांच्या कार्यालयांत मी नेटवर्क टाकले आहे. तिथे ज्याच्या पैशाचा प्रश्न मिलिसेकंदांत असतो त्याला कोणी वायफायवर बसवत नाही. वायफाय फोनसाठी उत्तम आहे. जे उपकरण एका जागेवरून हलत नाही, त्याला वायर हवी, हे माझे मत मी बदलणार नाही.

केबल घेताना पूर्ण तांब्याची मागा, कारण स्वस्तात मिळणाऱ्या बऱ्याच केबलींत तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते. घरातल्या अंतराला कॅट-५ईसुद्धा पुरते. १०० मीटरपर्यंत ती १ जीबीपीएस देते. लॅपटॉपला लॅनचे पोर्ट नसेल तर यूएसबीचा ॲडाप्टर मिळतो, आणि जुने पोर्ट १०० एमबीपीएसचेच असले तरी २५ साठी भरपूर आहे.

वायर टाकूनही रात्री अडखळले तर घरातून बाहेर काय अपलोड होत आहे ते पाहा. कोणाचा फोन फोटो आणि व्हिडिओंचा बॅकअप घेत असेल किंवा दाराबाहेरचा कॅमेरा सतत चित्रण पाठवत असेल, तर राउटरमध्ये पॅकेटांची रांग लागते आणि तुमच्या बटणाचे पॅकेट त्या रांगेत मागे उभे राहते. राउटरमध्ये क्यूओएसची (कोणत्या डेटाला किती वाट द्यायची हे ठरवण्याची) सोय असल्यास अपलोड एकूण क्षमतेच्या ८५-९० टक्क्यांवर बांधून टाका. नसल्यास बॅकअप पहाटेवर ढकला.

सर्व्हर कुठे आहे हा त्यानंतरचा प्रश्न. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सिंगापूर मुंबईहून सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन ४० मिलिसेकंद तर केवळ अंतराचेच झाले आणि केबल सरळ रेषेत जात नाही. म्हणून भारतात सर्व्हर असलेलीच सेवा घ्या. एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात आले. तिथे वर्गणीबरोबर गेमचा संग्रह मिळतो. जीफोर्स नाऊमध्ये तुम्ही स्टीमसारख्या ऑनलाइन गेम-दुकानातून आधीच विकत घेतलेले गेम चालतात, पण तुमचा गेम त्यांच्या यादीत असावा लागतो. तुमच्याकडे स्टीमवर गेम असतील तर दुसरी (तिचे सर्व्हर भारतात आहेत याची खात्री करून), नसतील तर पहिली. यापलीकडची निवड तुमच्या आवडीची आहे.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. राउटर आणि लॅपटॉप एकाच खोलीत असतील आणि दोघांनाही ५ गिगाहर्ट्झ येत असेल, तर वायरीवाचूनही चालेल. पाळीपाळीने खेळायच्या गेमला ८० मिलिसेकंदांनी काही बिघडत नाही. नेमबाजीचे स्पर्धात्मक गेम गंभीरपणे खेळायचे असतील तर मात्र क्लाउड घेऊ नका, पैसे साठवून पीसीच घ्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा प्रयोग करू नका: २५ एमबीपीएसने तासाला ११ जीबीहून अधिक डेटा जातो, त्यामुळे दिवसाचे २ जीबी जेमतेम अकरा मिनिटे टिकतात. भाड्याच्या घरात भिंतीला छिद्र पाडता येत नसेल तर चिकटवायच्या क्लिपा वापरा. घराचे काम काढणार असाल तर प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पाइप टाकायला सांगा, आणि इंटिरियरवाला नको म्हणाला तरी ते लेखी अंदाजपत्रकात घालून घ्या.

पैसे मात्र महिन्याच्या हिशेबानेच भरा. गुगलने आपली क्लाउड गेमिंग सेवा स्टेडिया १८ जानेवारी २०२३ रोजी बंद केली तेव्हा गेमचे आणि उपकरणांचे पैसे परत दिले, पण प्रत्येक कंपनी तसे करीलच असे नाही. आधी वायर टाका, मग आठवडाभर रात्री नऊ ते अकरा खेळून पाहा, आणि वार्षिक वर्गणीचा विचार त्यानंतर करा.