डिस्नेलँड पूर्वीसारखं राहिलं नाही? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : उन्हाळ्यात मुलीकडे कॅलिफोर्नियाला जाणार आहोत. अ‍ॅनाहाइमचं डिस्नेलँड बघायचं नक्की आहे, पण जो भेटतो तो म्हणतो, ‘आता काही पूर्वीची मजा नाही, नुसत्या रांगा आणि पैसे.’ यात कितपत तथ्य आहे?
— एक वाचक, कोथरूड

रांगा आणि पैसे, दोन्ही तक्रारी खऱ्या. ‘पूर्वी’ म्हणजे नेमकं कधी, हे मात्र सांगणाऱ्याला एकदा विचाराच. १७ जुलै १९५५ला डिस्नेलँड उघडलं तो दिवस इतका फसला की जुने कर्मचारी त्याला ‘ब्लॅक संडे’ म्हणत. नकली पासांवर लोक आत घुसले, नुकत्याच टाकलेल्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या, आणि प्लंबरांच्या संपामुळे प्यायच्या पाण्याचे नळ कमी पडले. तेव्हा आत शिरायला एक डॉलर आणि प्रत्येक राइडचे पैसे वेगळे. मग कुपनांची पुस्तकं आली. ए म्हणजे साधी राइड आणि चढत चढत, १९५९पासून, ई म्हणजे सगळ्यात मोठी. ही पद्धत १९८२पर्यंत चालली.

त्यानंतर एकदा तिकीट काढलं की आतलं सगळं मोकळं. १९९९ला फास्टपास आला, तोही फुकट: यंत्रातून चिठ्ठी काढायची, दिलेल्या वेळेला यायचं, छोट्या रांगेतून आत. करोनानंतर तो परत आलाच नाही. २०२१च्या अखेरीस त्याच्या जागी पैसे भरून घ्यायची सोय आली. तिचं आजचं नाव लाइटनिंग लेन. म्हणजे मोठ्या राइडला जादा पैसे मोजणं डिस्नेलँडच्या इतिहासात नवं नाही, पण ज्यांनी १९८२ ते २०२० या काळातलं पार्क पाहिलं त्यांना आज फसवल्यासारखं वाटतं, आणि ते चूक नाही.

रांगेचं गणित जरा सविस्तर बघू, कारण दर्जा घसरला की नाही हे तिथेच कळतं. समजा एका रोलर कोस्टरच्या गाडीत १२ जण बसतात आणि दर २४ सेकंदांना एक गाडी सुटते. तासाला १५० गाड्या, म्हणजे १,८०० माणसं. रांगेत ९०० जण उभे असतील तर शेवटच्याचा नंबर अर्ध्या तासात लागेल. आता यातल्या ६० टक्के जागा पैसेवाल्या रांगेला दिल्या, तर साध्या रांगेला तासाला ७२० जागा उरतात. तेच ९०० लोक, पण सव्वा तास. त्यात गाडी २४ऐवजी ३६ सेकंदांनी सुटायला लागली, की एकूण क्षमता १,२०० आणि साध्या रांगेच्या वाट्याला ४८०. मग तेवढ्याच रांगेला जवळजवळ दोन तास लागतात. राइड तीच, वेग तोच, गर्दीही तेवढीच.

ते १२ सेकंद कुठे जातात? बहुतेक वेळा फलाटावर. कमरेवरचा दांडा तपासणारी चार माणसं हवीत तिथे दोन असतात, पाठीवरची सॅक कुठे ठेवायची यावर घोळ होतो, कुणाला उतरायला वेळ लागतो. रोलर कोस्टरचा रूळ लोकलच्या मार्गासारखा ब्लॉकमध्ये विभागलेला असतो आणि एका ब्लॉकमध्ये एकच गाडी राहू शकते. पुढची फलाटावरून हलली नाही की मागची स्टेशनबाहेर ब्रेकवर थांबते, तिच्यामागची त्याआधीच्या ब्रेकवर. गेलेले सेकंद भरून निघत नाहीत. रुळावर गाड्याच नेहमीपेक्षा कमी सोडल्या असतील तर फलाटावर माणसं वाढवूनही फरक पडत नाही.

तिकिटाचा दर तारखेवर ठरतो. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये एका दिवसाच्या, एका पार्कच्या तिकिटाचा सगळ्यात महाग दर २०६ डॉलर झाला, सगळ्यात स्वस्त मात्र १०४ डॉलरवरच राहिला. स्वस्त तारखा मोजक्याच, सुट्ट्या सोडून आठवड्याच्या मधल्या वारांना. उन्हाळ्यातली तारीख दोन दिवस मागेपुढे करता आली तरी फरक पडतो.

प्रश्न : देखभालीवर पैसे वाचवतात, म्हणून जुन्या राइड्समध्ये बसू नये, असं वाचलं. नातवंडांना बसवावं का?
— एक वाचक, नाशिक

बसवा. मात्र तुम्ही वाचलंत त्यामागे एक खरा इतिहास आहे. डिस्नेलँडची खरी घसरण झाली ती १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, खर्चकपातीच्या काळात. ५ सप्टेंबर २००३ला बिग थंडर माउंटन या आगगाडीसारख्या रोलर कोस्टरवर अपघात झाला. त्यात २२ वर्षांचा एक तरुण गेला आणि दहा जण जखमी झाले. राज्य सरकारच्या चौकशीत कारण निघालं ते साधं आणि चीड आणणारं होतं. इंजिनाच्या एका आसावरच्या मार्गदर्शक चाकाचे बोल्ट ठरल्याप्रमाणे आवळलेले नव्हते, आणि बोल्ट फिरून सैल होऊ नयेत म्हणून त्यातून ओवायची सुरक्षा-तार घातलेलीच नव्हती. चाकाची जुळणी गळून पडली, आस निसटून अडकला, इंजिन उचललं जाऊन बोगद्याच्या छताला आपटलं आणि मागचा डबा त्याच्याखाली घुसला. गाडीतून वेगळा आवाज येतोय हे चालवणाऱ्यांच्या लक्षात आलं होतं. गाडी ताबडतोब बाहेर काढली गेली नाही.

त्याच काळातलं कपातीचं दुसरं उदाहरण डिस्नेलँडच्या टुमॉरोलँड या विभागात आजही डोक्यावर दिसतं. पीपलमूव्हर ही संथ, निवांत फेरी १९९५ला बंद केली आणि १९९८ला त्याच मार्गावर रॉकेट रॉड्स नावाच्या वेगवान गाड्या सोडल्या. जुना मार्ग सावकाश जाणाऱ्या गाडीसाठी बांधलेला, सपाट. वेगात वळायचं तर वळणावर मार्गाला आतल्या बाजूला उतार द्यावा लागतो. तो देण्याचा खर्च टाळला. मग काय, सरळ पट्ट्यात गाडी सुसाट सोडायची, वळण आलं की करकचून ब्रेक, पुन्हा वेग. टायर झिजले, गाड्या सारख्या बंद पडल्या, बांधकामावर ताण आला. २००० सालीच राइड थांबली ती कायमची. रिकामा मार्ग अजून उभा आहे. वर बघायला विसरू नका, पार्क कसं घसरतं हे दाखवणारी याहून चांगली वस्तू तिथे नाही.

पण २००५ला सुवर्णमहोत्सव होता, त्याआधी व्यवस्थापन बदललं, रंगकाम झालं, २००३पासून बंद ठेवलेल्या स्पेस माउंटन या रोलर कोस्टरचा रूळ नव्याने बसवून ती त्या जुलैत उघडली. म्हणजे आलेख एकाच दिशेने खाली गेलेला नाही.

नातवंडांची उंची घरीच, बुटांशिवाय मोजून घ्या. बिग थंडर आणि स्पेस माउंटनला ४० इंच, मॅटरहॉर्नला ४२ इंच लागतात. अर्धा इंच कमी भरला तरी परत पाठवतात, आणि मग दारातली रडारड कुणालाच आवरत नाही.

प्रश्न : फ्लोरिडातल्या डिस्नेच्या पार्कमधला यती म्हणे वर्षानुवर्षं बंद आहे. एवढी मोठी कंपनी, एक पुतळा दुरुस्त करता येत नाही?
— एक वाचक, न्यू जर्सी (मूळचे सांगली)

ओरलँडोच्या अ‍ॅनिमल किंगडममध्ये एक्सपिडिशन एव्हरेस्ट २००६ला सुरू झाली. शेवटच्या टप्प्यात जवळपास २५ फुटी यती हायड्रॉलिकच्या जोरावर गाडीच्या दिशेने झेपावत असे. दोनेक वर्षांतच तो थांबला. तेव्हापासून यती जागचा हलत नाही, त्याच्यावर दिवे झपझप उघडझाप करतात आणि तो हलल्याचा भास होतो. त्यावरून लोकांनी त्याचं ‘डिस्को यती’ असं नाव ठेवलं.

अडचण पुतळ्यात कमी आणि डोंगरात जास्त आहे. डोंगराचा सांगाडा, गाडीचा रूळ आणि यतीचा आधार अशी तीन बांधकामं एकमेकांना न टेकता एकात एक उभी केली आहेत. एवढं वजन वेगाने पुढे जाऊन थांबतं, तेव्हा बसणारा हिसका शेवटी आधाराने सोसायचा असतो. त्या आधाराला हात घालायचा तर डोंगर उघडावा लागेल आणि राइड दीर्घ काळ बंद ठेवावी लागेल. गाडी सुरक्षित धावते आहे, रांग भरते आहे, मग दुरुस्ती पुढे ढकलली जाते. याला घसरण म्हणायचं का? आमच्या मते, होय. ज्याच्यासाठी अख्खी राइड रचली तीच गोष्ट बंद पडली आहे.

नव्या राइड्स जास्त वेळा बंद का पडतात, हेही याच्याशीच जोडलेलं आहे. डिस्नेलँडच्या १९६९मधल्या हाँटेड मॅन्शन या राइडमध्ये खुर्च्यांची एक अखंड साखळी फिरत राहते. यंत्रणा एक, माणसं भरपूर जातात. २०१९-२०मधल्या राइज ऑफ द रेझिस्टन्समध्ये फिरणारी खोली, रुळाशिवाय धावणाऱ्या गाड्या, लिफ्टसारखे चढउतार आणि शेवटी खाली पडणं, सगळं एकामागून एक. एक कडी अडली की मागचं सगळं थांबतं. ही राइड दिवसाच्या शेवटासाठी ठेवू नका.

प्रश्न : आम्ही दोघं पासष्टीचे, बरोबर सात वर्षांचा नातू. लाइटनिंग लेनचे पैसे भरावेत का? गुडघ्यांमुळे रांगेत उभं राहवत नाही. खाण्याचं काय?
— एक वाचक, डोंबिवली

नातवाला मोठ्या पाच-सहा राइड्स हव्या असतील आणि एकच दिवस असेल तर भरा. डिस्नेलँडच्या अ‍ॅपवर एका वेळी एकच राइड धरता येते. ती वापरलीत किंवा दोन तास उलटले की पुढची. काही मोठ्या राइड्सचे पैसे वेगळे पडतात, ते आधी पाहून ठेवा. पैसे भरायचे नसतील तर एकच उपाय चालतो: दार उघडायच्या पाऊण तास आधी पोचायचं आणि पहिल्या तासात तीन राइड्स उरकायच्या. पीटर पॅन आधी घ्या. तिची क्षमता कमी, त्यामुळे दुपारी तिथे दिसतं त्याहून जास्त थांबावं लागतं. नातू भ्यायला आणि मोठ्यांना बसायचं असेल तर ‘रायडर स्विच’ मागा. एक जण मुलापाशी थांबतो आणि नंतर पुन्हा रांग न लावता बसतो.

गुडघ्यांसाठी अपंग सवलत मिळेल ही आशा धरू नका. २०२४पासून ती मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणींपुरती ठेवली आहे. दारापाशी व्हीलचेअर भाड्याने मिळते, ती घ्या. बऱ्याच रांगा खुर्चीसह पार करता येतात, आणि जुन्या राइड्सच्या अरुंद रांगांपाशी परत यायची वेळ लिहून देतात.

घरचं खाणं आत नेता येतं. काचेच्या बरण्या, दारू आणि मोठे कूलर चालत नाहीत. तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे, भडंग खुशाल न्या. लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत. पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका, शीतपेयं देणाऱ्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट मिळतो.

जानेवारी-फेब्रुवारीत गर्दी कमी, पण देखभालीसाठी राइड्सही तेव्हाच बंद ठेवतात. शिवाय हाँटेड मॅन्शन आणि स्मॉल वर्ल्ड सणांची सजावट चढवायला आणि उतरवायला वर्षातून दोनदा बंद होतात. संकेतस्थळावरची बंद राइड्सची यादी पाहिल्याशिवाय तारीख ठरवू नका.

प्रश्न : हीच कसोटी आपल्या खोपोलीच्या इमॅजिकाला लावता येईल का?
— एक वाचक, पनवेल

लावा की. २०१३ला सुरू झालेल्या या पार्कमधली नायट्रो ही स्विस कंपनी बोलिगर अँड माबिलार्डची, पायाखाली जमीन नसलेली कोस्टर आहे. या कंपनीच्या कोस्टर टिकाऊ म्हणून ओळखल्या जातात. तिचा फलाट दिसेल अशा जागी उभं राहून मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि सलग पाच गाड्या सुटायला किती वेळ लागतो ते मोजा. गाड्या किती फिरताहेत तेही बघा: एक फलाटावर भरत असताना दुसरी रुळावर नसेल, तर एकच गाडी चालू आहे. गर्दी नसलेल्या दिवशी हे ठीक, दिवाळीच्या सुट्टीत नाही. मग बसल्यावर डोकं मागे टेकवून वळणांमध्ये गाडी किती थरथरते ते लक्षात ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच रांगेतल्या त्याच जागेवर बसून ताडून बघा. पुढच्या आणि मागच्या जागेत फरक असतोच, त्यामुळे जागा बदललीत तर तुलना फुकट. पावसाळ्यात विजा चमकल्यावर राइड थांबवली तर ते या हिशेबात धरू नका.